फुफाटा कुणाचा

लग्न होऊन मी पलूसला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर वन्सं घरात नाहीत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासूबाई चहा गाळत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ती आन कुठं असनार? विहाराच्या मागं. पोरी पळवत असंल."

मी साताऱ्याच्या पेठेत वाढलेली. पोरी पळवणं म्हटल्यावर मला एकच अर्थ ठाऊक होता. माझा चेहरा बघून सासूबाईंना हसू आवरेना. मग त्यांनीच मला परसदारी नेलं आणि बोट करून दाखवलं. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या मुली गोल धावत होत्या आणि मधोमध गळ्यात शिट्टी अडकवून वन्सं उभ्या होत्या. ओरडत नव्हत्या. प्रत्येक मुलगी पुढून गेली की तिला तेवढंच एखादं वाक्य सांगत होत्या.

वन्सं आष्ट्याच्या एका शाळेत खेळाच्या बाई. सकाळी मुलींना पळवायचं, मग एसटीने आष्टा, संध्याकाळी परत येऊन पुन्हा मैदान. लग्न करायचं नाही हे त्यांनी फार आधीच घरात सांगून टाकलं होतं, आणि मामंजी फौजेतून आलेले असल्यामुळे "ठीक हाय, ऑर्डर समजली" एवढंच म्हणाले होते. वन्संना स्वतःला पोलिसात जायचं होतं. पळण्यात त्या पहिल्या आल्या, गोळाही चांगला फेकला, पण उंची कमी भरली. ही गोष्ट त्या मला हसत हसत सांगायच्या. "टाचा उचलून बगितल्या गं. पर ती पट्टी लई इमानदार हुती." त्यानंतर त्यांनी स्वतःचं दुःख करत बसण्याऐवजी उंची पुरणाऱ्या मुली शोधून त्यांना पळायला शिकवलं. आमच्या भागात भरतीची तयारी करणारी मुलं गल्लोगल्ली दिसतात, मुलींना शिकवणारं मात्र तेव्हा कोणी नव्हतं.

या वर्गाचं फुफाटा हे नाव आम्ही ठरवून ठेवलेलं नाही. मैदानाला लागून एका आजींचं घर होतं. त्यांचं धुणं वाळत असायचं आणि नेमक्या त्याच वेळी मुली पळायच्या. एक दिवस आजी काठी आपटत बाहेर आल्या. "काय ह्यो फुफाटा उडवलाय गं सकाळ सकाळ? मानसांनी धुनं वाळत घालावं का न्हाई?" वन्संनी जाऊन त्यांची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून पळायच्या आधी मुलींनी मैदानावर पाणी शिंपडायचं असा नियम केला. आजींचा राग गेला. मुलींनी मात्र फोनवरच्या आपल्या ग्रुपला 'फुफाटा' असं नाव देऊन टाकलं. मग त्याच नावाचे पिवळे टी-शर्ट आले. कोणी विचारलं, कुठं शिकतेस, तर मुली म्हणायच्या, "फुफाट्यात."

मग टाळेबंदी आली. मैदान बंद, शाळा बंद. मुली घराघरांत अडकल्या. भरती आज ना उद्या निघणारच होती आणि पाय तर आखडत चालले होते. मी लग्नाआधी साताऱ्यात एका संगणक क्लासमध्ये शिकवत असे, त्यामुळे वन्संनी मला विचारलं, "फोनवरनं शिकवाय येईल का गं?" मी म्हटलं, करून बघू. माळवदावर मी फोन धरला आणि वन्संनी भरलेली कळशी उचलून खांद्याचे व्यायाम दाखवले. डंबेल कोणाकडे असणार? कळशी सगळ्यांकडे होती.

व्हिडिओ कुठून कुठे जात होते, आम्हाला कळत नव्हतं. माणमधून, खटावमधून, जतच्या पलीकडून मुलींचे फोन येऊ लागले. कर्नाटकच्या सीमेवरच्या एका मुलीला मराठी नीट येत नव्हतं, तरी ती वन्संचे सगळे धडे पाठ करून बसली होती. टाळेबंदी उठली तरी हा वर्ग उठला नाही. आम्ही त्याचा रीतसर ऑनलाइन कोर्स केला, रोजचे धडे, आठवड्याची चाचणी आणि ज्याला सगळ्या मुली घाबरायच्या तो 'आवाज'. आवाज म्हणजे मुलीने आपल्या शेताच्या रस्त्याने पळायचं आणि पावलांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. वन्सं डोळे मिटून तो ऐकायच्या. "उजवा पाय आपटतीया ही. टाच आधी पडतीय. हिला आठ दिवस नुसतं चालाय सांग." त्या असं सांगायला लागल्या की मला वाटायचं, ही बाई इतक्या दूरच्या मुलीचा पाय हातात घेऊन बसली आहे.

असं सगळं चालू असताना औंधहून एका बाईंचा फोन आला. आवाज चिडका होता. "तुमच्या साताऱ्याच्या क्लासमधी माझ्या पोरीचा पाय कामातनं गेला. वर कोन इचारत न्हाई. नाव तेवढं मोठं करून ठेवलंय." मी म्हटलं, "मावशी, आमचा साताऱ्यात क्लास नाही." त्या म्हणाल्या, "न्हाई कसा? फुफाटा न्हवं तुमचा?"

त्यांनी पाठवलेला फोटो मी उघडला. साताऱ्यातल्या एका अकादमीची जाहिरात होती. आमच्यासारखीच पिवळी अक्षरं, तेच नाव, आणि खाली वन्संच्या व्हिडिओतला एक तुकडा, ज्यात वन्संचा चेहरा कापून फक्त कळशी उचलणारे हात ठेवले होते. ते हात मी ओळखत होते. तो फोन मीच धरला होता.

मला राग आला तो चोरीचा. वन्संनी मात्र फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीचा पाय कुठं दुखतोय म्हनली?" आणि पुढच्याच रविवारी आम्ही औंधला गेलो.

यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर. मुलगी ओसरीवर पाय लांब करून बसली होती. नडगी सुजलेली. अकादमीच्या फोनवरच्या वर्गात तिला पहिल्याच आठवड्यात रोज डांबरी रस्त्यावर पळायला लावलं होतं. दुखतंय म्हणून सांगितलं तर फोनवर उत्तर आलं होतं की दुखणं म्हणजे कमजोरी बाहेर पडणं. वन्संनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि "हितं दुखतंय का?" असं विचारत अंगठ्याने हळूहळू चाचपला. तो आवाज ऐकून मुलीने मान वर केली. मग म्हणाली, "मॅडम, व्हिडिओतला आवाज तुमचा हाय. मला वाटलं, तुमीच शिकवताय."

तिची आई दारात उभी होती. तिचा चिडका स्वर एव्हाना गेला होता. "आवं, मी कशाला खोटं बोलू? ते नाव बगूनच पोरीला घातली. माझ्या भनीची पोर तुमच्यामुळं पोलिसात लागली. म्हनलं, फुफाटा हाय म्हंजे काळजी न्हाई."

परतीच्या वाटेवर कराडला एसटी बदलताना वन्सं म्हणाल्या, "मला वाटत हुतं, नाव म्हंजे टी-शर्टावर छापायची गोष्ट. त्या माउलीनं त्या नावावर इस्वास ठेवला आन पोर दिली. आन मला ठावंबी न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मुलीला त्यांनी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, पुरती विश्रांती घ्यायला लावली आणि मग तिला आमच्या वर्गात घेतलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही साताऱ्याला गेलो. अकादमी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. काचेचं दार, आत गारवा. चालक तरुण होता, बोलायला अदबशीर. त्याने चहा मागवला. वन्संनी चहाला हात लावला नाही.

"औंधची पोर तुमच्याकडं हुती. पाय सुजलाय तिचा. तुमी चौकशी केलीसा का?"

त्याने आठवून बघितलं. "ताई, इतक्या मुली असतात. प्रत्येकीचं कुठं लक्षात राहणार?"

"मग तुमी माझं नाव कशाला घेतलंसा?"

"फुफाटा हा काय तुमच्या घरचा शब्द आहे का?" तो हसून म्हणाला. त्याच्या हसण्यात उर्मटपणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. "मराठीतला शब्द आहे, कोणीही वापरावा. आणि आम्ही तर ट्रेडमार्कला अर्जही टाकलाय. बोर्डावर बघा, टीएम लिहिलंय."

त्या दोन बारीक अक्षरांकडे बघून मला वाटलं, संपलं. आपल्या नावाला आता आपणच मुकणार. वन्सं उठल्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुमी शिकवा. पोरींना शिकवनारं मानूस मला कवाबी हवंच हाय. पर शिकवायचं तर तुमच्या नावानं शिकवा. पाय तुमी मोडायचा आन शिव्या मी खायच्या, हे कसं चालंल?"

सांगलीत विश्रामबागेत एक वकीलबाई होत्या, त्यांच्याकडे आम्हाला ओळखीतून पाठवलं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी भीती पहिल्याच वाक्यात घालवली. टीएम लिहिलं म्हणजे नाव आपलं झालं असं नसतं, त्या म्हणाल्या. तो नुसता दावा असतो, कोणीही लिहू शकतं. नोंदणी झाल्यावर गोलात आर लिहिता येतो, त्याआधी लिहिला तर तो गुन्हा होतो. आणि शब्द काही कोणाच्या मालकीचा होत नाही. रस्त्यावर फुफाटा उडतोच आणि लोक त्याला फुफाटाच म्हणणार. पण शिक्षण आणि प्रशिक्षण या कामासाठी त्या नावाने तुम्हाला लोक ओळखत असतील, आणि ते नाव तुम्ही आधी वापरलं असेल, तर तुमचा हक्क मोठा. त्याचा अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला की चार महिन्यांत हरकत घ्यायची. आपला अर्जही लगेच टाकायचा.

"आधी वापरलं, हे कशावरनं ठरतं?" वन्संनी विचारलं.

"जुने फोटो, तारखेसकट व्हिडिओ, मुलींचे निरोप, जे असेल ते. आणि तुमचं प्रतिज्ञापत्र. नाव कधीपासून वापरताय?"

मी पटकन म्हणणार होते की मैदान सुरू झालं तेव्हापासून. वन्संनी मला हाताने थांबवलं. "मैदान आदीपासनं हाय. पर नाव आजी वरडल्यापासनं. तवाचंच लिवा." तारीख त्यामुळे अलीकडे आली. वकीलबाई हसून म्हणाल्या, "एवढं खरं बोलणारं अशील असलं की माझं काम सोपं होतं."

मग वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं. कोर्सचे व्हिडिओ ही वेगळी गोष्ट, त्यावर तुमचा कॉपीराइट आहे, ते काढायला लावता येतील. पण पळायला शिकवायची तुमची पद्धत, ते आवाज ऐकणं, ते कळशीचे व्यायाम, हे मात्र तुम्हाला असं अडवून ठेवता येणार नाही. कोणीही शिकेल, कोणीही शिकवेल.

मला वाटलं, वन्संना हे लागेल. उलट त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं की. पळन्याला काय कुलूप घालायचंय व्हय? माझ्या पोरी गावोगाव शिकवाय लागल्या तर मला पायजेच हाय. फकस्त आईनं पोर कुणाच्या हवाली केली, हे तिला कळाय पायजे."

पुढचे काही महिने आमच्या घराचं टपाल कार्यालय झालं. वन्संनी जुन्या ग्रुपवर एकच निरोप टाकला होता: फुफाट्याचं काही जुनं असेल तर पाठवा. कुठून कुठून फोटो आले! पिवळ्या टी-शर्टातल्या, धुळीने माखलेल्या, जेवणाच्या डब्याभोवती बसलेल्या मुली. त्यातल्या कितीतरी आता पोलिसात होत्या, एक सीमेवर होती, एक वनरक्षक, दोघी-तिघी शाळेत शिकवत होत्या. भरतीत नाव न आलेल्यांनीही तेवढ्याच हौसेने पाठवलं. कोणी फाटका टी-शर्टच पार्सलने पाठवला, नीट धुऊन, इस्त्री करून. मामंजींनी ते पार्सल उघडून टी-शर्ट सगळ्या फोटोंशेजारी मांडला. "ही तर आख्खी पलटन हाय," ते म्हणाले.

याच दिवसांत पोलिसात असलेली एक विद्यार्थिनी घरी आली. रुबाबदार मुलगी, वन्संवर जीव टाकणारी. म्हणाली, "मॅडम, मी साताऱ्यात जाते. काही बोलत नाही. फक्त वर्दीत जाऊन त्या ऑफिसात उभी राहते. दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरेल."

मला मनातून ते आवडलं होतं. वन्संनी भाकरी थापता थापता हात थांबवला. "वर्दी तुला त्याच्यासाठी मिळाली व्हय गं? माझ्या भांडनात तिला आनलीस तर मी तुला शिकवलंच न्हाई असं समजंन." मुलीने लगेच कान पकडले. मग वन्संनीच तिच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि तिच्या ड्युटीची, जेवणाखाणाची चौकशी सुरू केली. जाताना ती मला दारात म्हणाली, "मैदानावर पण असंच करायच्या. आधी टोचायचं, मग पाणी द्यायचं."

व्हिडिओचे तुकडे तक्रार केल्यावर लवकर उतरले. नावाचं काम मात्र सावकाश चाललं. आमच्या अर्जावर तपासणीचा शेरा आला की असंच नाव आधीच कोणीतरी मागितलं आहे. मी हादरले. वकीलबाई म्हणाल्या, हे होणारच होतं. त्याचा अर्ज जर्नलमध्ये छापून आला, आपण मुदतीत हरकत नोंदवली, सोबत ते सगळे फोटो गेले. आता वाट बघायची. वन्संना वाट बघण्याचं काही वाटत नव्हतं. सकाळी शिट्टी, दुपारी आष्टा, संध्याकाळी आवाज ऐकत बसणं, यात कशातही खंड पडला नाही. वर्गाला मी एकदा विचारलं होतं, निकाल लागेपर्यंत नाव झाकून ठेवायचं का? तर सगळ्या मुलींनी एकसुरात नाही म्हटलं.

एका रविवारी दारात गाडी थांबली आणि साताऱ्याचा तो चालक उतरला. एकटाच. वन्सं मैदानावर होत्या. मी त्याला तिकडेच नेलं. तो कडेला उभा राहिला. मुली पाणी शिंपडत होत्या, मग पळाल्या, मग वन्संनी एकेकीला जवळ बोलावून सांगितलं. वर्ग सुटल्यावर म्हणाला, "तुमच्या हरकतीसोबतचे फोटो वकिलांनी दाखवले. जाहिरात करणाऱ्याने मला सांगितलं होतं की हे इंटरनेटवर चालणारं नाव आहे, घेऊन टाका. त्यामागे एवढी माणसं असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी अर्ज मागे घेतो."

"आन पोरी?" वन्संनी विचारलं.

"कोणत्या?"

"तुमच्याकडं शिकत्यात त्या. बोर्ड बदलला म्हंजे त्यांचं पाय नीट पडनार हायेत व्हय?"

मला वाटलं, आता वन्सं त्याला खडे बोल सुनावणार. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या शिकवनाऱ्यांना घिऊन या. न्हाईतर मी यीन. डांबरावर कवा पळवायचं आन कवा न्हाई, एवढं तरी त्यांना ठावं पायजे." आणि त्या खरोखर गेल्या. सुट्टीच्या दिवशी साताऱ्याला जाऊन त्यांनी त्याच्या दोन्ही शिक्षकांना मैदानावर उभं करून शिकवलं. मी म्हटलं, "वन्सं, ज्यानं नाव उचललं त्यालाच शिकवता?" त्या म्हणाल्या, "नाव त्यानं परत दिलं. पळनं मी त्याच्यापासनं कवा लपवून ठेवलं हुतं?" त्याने अकादमीला दुसरं नाव दिलं. आता बरी चालते म्हणतात.

त्यानंतरही बराच काळ गेला. आमचा अर्ज जर्नलमध्ये छापून आला, कोणी हरकत घेतली नाही, आणि एक दिवस ईमेलवर नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. मी ओरडतच मैदानावर गेले. वन्संनी फोन हातात घेऊन वाचलं, मुलींना वाचून दाखवलं, आणि मग मला म्हणाल्या, "आता त्या गोलातल्या आरचं वकीलबाई काय म्हनल्या हुत्या, ते लाव बाई एकदाचं." मुलींनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला. त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना आणखी एक फेरी लावली.

नाव हातात आल्यावर त्यांनी ते एकटीसाठी ठेवलं नाही. ज्यांना आपापल्या गावी वर्ग घ्यायचे आहेत त्या जुन्या मुलींना ते वापरायची लेखी परवानगी द्यायचं ठरलं. वकीलबाईंनी मसुदा केला, पण अटी वन्संनी सांगितल्या. पळायच्या आधी मैदानावर पाणी. दुखतंय म्हणणाऱ्या मुलीला त्या दिवशी पळवायचं नाही. आईचा फोन आला तर उचलायचा. वकीलबाईंनी विचारलं, शेवटची अट कायद्याच्या भाषेत कशी लिहू? वन्सं म्हणाल्या, "हाय तशी लिवा."

पहिली परवानगी औंधच्या त्या मुलीला मिळाली. पाय बरा झाल्यावर ती दोन भरत्या पळाली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. शिकवणं मात्र तिच्या अंगातच होतं. गेल्या महिन्यात तिचा वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही दोघी गेलो होतो. पहिल्या दिवशी गावातल्या नऊवारीतल्या बायासुद्धा बघायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने वन्संना विचारलं, "तुमची पोर शिकती का हितं?" वन्सं म्हणाल्या, "व्हय. शिकवती बी."

परत येताना या वेळी थेट पलूसची एसटी मिळाली आणि त्यांनी खिडकीशी बसून औंधच्या मुलींचे आवाज ऐकायला घेतले. माझ्या मनात होतं, आज त्यांना सांगायचं की वन्सं, तुमच्या घरात मी नांदायला आले हे माझं भाग्य आहे. शब्द जुळवत होते तोवर पुसेसावळी आली आणि बघते तर इयरफोन कानात तसाच ठेवून त्यांना गाढ झोप लागली होती. मी तो हलक्या हाताने काढून घेतला आणि उरलेल्या मुलींची पावलं पलूस येईपर्यंत मीच ऐकत बसले.